खरेदी ऑर्डरच्या मागचं पान

गेल्या पावसाळ्यात भोसरीचे एक कारखानदार कापडी पिशवीत फाइल घालून माझ्याकडे आले. त्यांचा स्टील फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. एका मोठ्या कंपनीला कन्व्हेअरचे सांगाडे करून दिले होते, माल पोचल्याच्या सह्या होत्या आणि ५० लाख रुपये दीड वर्ष अडकले होते. मी परचेस ऑर्डर मागितली. त्यांनी पुढचं पान दाखवलं. दर, नग, तारीख, जीएसटी. मी कागद उलटा केला. मागे बारीक टायपात १९ अटी होत्या. त्यातली १७वी अट अशी, की काही वाद झाला तर तो लवादाकडे जाईल आणि तो लवाद कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील. "हे पान मी कधी वाचलंच नाही," ते म्हणाले. अडकलेले पैसे मागायला कुठे जायचं, हे त्या एका ओळीने सहीच्या दिवशीच ठरवलं होतं.

मालाचा पुरवठा, वाहतूक, बांधकाम, भागीदारी, सोसायटीचा पुनर्विकास, अशा कुठल्याही करारावर तुम्ही सही करत असाल, तर ही ओळ तुमच्याही कागदावर असण्याची दाट शक्यता आहे. ती कशी असावी हे कळायचं तर लवादाची संस्था म्हणजे काय, तिथे कोण बसतं आणि तुमची फाइल तिथे कशी फिरते, हे आधी माहीत हवं.

आधी शब्दांचं पाहू. मराठीत 'लवाद' हा शब्द निवाडा करणाऱ्या माणसालाही लावतात आणि त्या प्रक्रियेलाही. घोळ नको म्हणून माणसाला मी इथे आर्बिट्रेटर म्हणेन. कोर्टाच्या आवारात सगळे तेच म्हणतात. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद गेला की दोन्ही पक्ष आधी 'राजीनामा' लिहून देत, म्हणजे निवाडा मान्य करू असं राजीखुशीने कबूल करत. मग दोघांच्या तकरिरी घेतल्या जात, आणि शेवटी निवाडपत्र होई. आज करारात लवादाचं कलम घालून तुम्ही सही करता, तेव्हा तोच राजीनामा देत असता. फरक इतकाच, की तेव्हा तो वाद उभा राहिल्यावर दिला जाई आणि आज तो दोन-तीन वर्षं आधी, ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात दिला जातो.

आपल्याकडचे बहुतेक लवाद अजूनही कुठल्याच संस्थेकडे जात नाहीत. त्यांना अॅड-हॉक म्हणतात. दोन पक्ष, एक किंवा तीन आर्बिट्रेटर, आणि मागे कार्यालय म्हणून काहीच नाही. दोघांच्याही मनात प्रकरण मिटवायचं असेल तर हे छान चालतं. पण एकाला वेळ काढायचा असेल, तर प्रत्येक पायरीवर अडवायला जागा सापडते. नोटिशीला उत्तर द्यायचं नाही. सुचवलेली नावं नाकारायची. मग दुसऱ्याला लवाद कायद्याच्या कलम ११ खाली उच्च न्यायालयात जावं लागतं, फक्त आर्बिट्रेटर नेमून घ्यायला. कायदा म्हणतो की असा अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. बोर्डावरची गर्दी पाहिलेल्या कुणीही त्या ६० दिवसांवर आपल्या धंद्याचा हिशेब बांधू नये. म्हणजे कोर्ट टाळायला लवाद स्वीकारला, आणि लवाद सुरू करायलाच कोर्टाची पायरी चढावी लागली.

संस्था ही अडचण सोडवते. आणि इथे एक मोठा गैरसमज काढून टाकायला हवा. लवादाची संस्था तुमच्या वादाचा निवाडा करत नाही. निवाडा आर्बिट्रेटरच करतात. संस्था फाइल पुढे सरकती ठेवते. अर्ज नोंदवून घेणं, तो दुसऱ्या बाजूला पोचवणं, मुदतीत नाव आलं नाही तर आपल्या नियमांनुसार आर्बिट्रेटर नेमणं, फीची रक्कम दोघांकडून आगाऊ घेऊन सांभाळणं, सुनावणीची खोली देणं, आर्बिट्रेटरच्या निःपक्षपातीपणावर कुणी हरकत घेतली तर तीही तपासणं, ही सगळी तिची कामं. ऐकताना कारकुनी वाटतात. पण बुडालेले लवाद मी पाहिलेत ते कायद्याच्या मोठ्या प्रश्नांवर कमी आणि असल्या कारकुनी खड्ड्यांतच जास्त बुडालेत.

राष्ट्रीय पातळीवरची अशी संस्था आता संसदेच्या कायद्याने उभी आहे, इंडिया इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर. तिची जन्मकथा बोलकी आहे. १९९५ साली दिल्लीत पर्यायी वादनिवारणासाठी एक आंतरराष्ट्रीय केंद्र सोसायटी म्हणून स्थापन झालं होतं. सरकारी अनुदान होतं, जागा होती. तरी दोन दशकांत म्हणावी तशी प्रकरणं तिथे आली नाहीत. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१७ मध्ये संस्थात्मक लवादावर अहवाल दिला आणि हे केंद्र ताब्यात घेऊन नव्याने घडवावं असं सुचवलं. त्यातून २०१९ चा कायदा आला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच, जुनं केंद्र लवादाच्या क्षेत्रातल्या बदलांबरोबर चालू शकलं नाही असं स्पष्ट नमूद आहे. नव्या संस्थेचं नाव आधी न्यू दिल्ली इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटर होतं. २०२२ च्या दुरुस्तीने त्यातली दिल्ली गेली आणि इंडिया आलं. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. नावात शहर असलं की सांगली-सोलापूरचा व्यापारी ते आपलं समजत नाही.

रचना अशी. वर सात जणांचं मंडळ. अध्यक्ष म्हणून सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राहिलेली व्यक्ती किंवा लवाद, कायदा, व्यवस्थापन यांतली मोठी जाणकार व्यक्ती असते, आणि तिची नेमणूक केंद्र सरकार भारताच्या सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून करतं. पहिले अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती हेमंत गुप्ता. त्यांच्याखेरीज संस्थात्मक लवादाचा अनुभव असलेले दोन सदस्य, व्यापार-उद्योगाच्या मान्यताप्राप्त संघटनांतून आळीपाळीने येणारा एक अर्धवेळ प्रतिनिधी, कायदा मंत्रालयाच्या विधी विभागाचे सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी, अर्थ मंत्रालयाकडून आलेले वित्त सल्लागार आणि संस्थेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. अध्यक्ष आणि नेमलेल्या सदस्यांची मुदत तीन वर्षांची. हिशेब कॅग तपासतं. मंडळात सरकारची माणसं आहेत हे खरं, आणि समोरची बाजू सरकारी उपक्रम असेल तर कुणाला त्याचा संकोच वाटणं स्वाभाविक आहे. मात्र तुमच्या वादाचा निवाडा या मंडळाकडे नसतो, हे लक्षात असू द्या.

तुमचा संबंध येतो तो मंडळाच्या खाली. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. त्यांच्या जोडीला सचिवालय, आणि त्या सचिवालयात सगळ्यात मोलाचा माणूस म्हणजे रजिस्ट्रार. देशातली असो की परदेशातली, लवादाच्या संस्थेची पारख करायची झाली तर मी रजिस्ट्रारच्या कार्यालयाची पारख करतो. ईमेलला किती दिवसांत उत्तर येतं, अर्जात त्रुटी असली तर ती एकदाच सगळी सांगतात की हप्त्याहप्त्याने, तारीख मोडली तर समोरच्याला लगेच पत्र जातं का. रजिस्ट्रारच्या हाताशी देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रकरणं पाहणारे कौन्सेल असतात. ते तुमचे वकील नव्हेत, संस्थेचे. तुमची बाजू बरोबर की चूक हे त्यांना विचारू नका. नियम काय म्हणतो, पुढची पायरी कुठली, हे मात्र निःसंकोच विचारा.

याशिवाय कायद्यानेच दोन गोष्टी वेगळ्या उभ्या केल्या आहेत. एक चेंबर ऑफ आर्बिट्रेशन. आर्बिट्रेटरच्या यादीत कुणाला घ्यायचं याची छाननी इथे होते, आणि छाननी करणारे स्वतः या क्षेत्रात मुरलेले लोक असतात. दुसरी लवाद अकादमी, प्रशिक्षण आणि संशोधनासाठी. अकादमीशी तुमचा संबंध बहुधा येणार नाही. चेंबरचा मात्र थेट येतो, कारण यादी जितकी कसदार तितका तुमचा निवाडा टिकाऊ. यादीत फक्त निवृत्त न्यायाधीश आहेत की इंजिनिअर, सनदी लेखापाल, आर्किटेक्टही आहेत, हे संस्था निवडताना जरूर पाहा. वेल्डिंग नीट झालं की नाही हाच वाद असेल, तर ड्रॉइंग वाचता येणारा माणूस चार सुनावण्यांचं काम एका सुनावणीत उरकतो.

देशात हीच एक संस्था आहे असं नाही. फिक्कीसारख्या व्यापारी संघटना आणि केंद्र सरकार यांच्या पुढाकाराने १९६५ साली स्थापन झालेली इंडियन कौन्सिल ऑफ आर्बिट्रेशन दिल्लीत आहे. आपल्या घरच्या अंगणात मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन आहे, २०१६ पासून, राज्य सरकारच्या पाठिंब्याने सुरू झालेलं. मसुदा निवाडा जाहीर होण्याआधी रजिस्ट्रारकडून नजरेखालून घालण्याची तरतूद तिथे आहे. निर्णय बदलायचा अधिकार रजिस्ट्रारला नाही. पण व्याजाची आकडेमोड चुकली, एखाद्या मागणीवर काही बोलायचंच राहून गेलं, हे तिथे पकडलं जातं, आणि अशाच चुकांचा धागा पकडून हरलेली बाजू पुढे कोर्टात जात असते.

आता फाइल कशी चालते ते पाहू. तुम्ही संस्थेकडे लवादाची विनंती दाखल करता. त्यात करार, लवादाचं कलम, वादाचा थोडक्यात गोषवारा, मागणीची रक्कम आणि नोंदणी फी. समोरच्याला नोटीस पोचल्याचा पुरावा जपून ठेवा, कारण वेगळं काही ठरलेलं नसेल तर कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समोरच्याला विनंती मिळते त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात, आणि तीन वर्षांच्या मुदतीचं घड्याळ त्या दिवशी थांबतं. "चर्चा चालू आहे" म्हणत तीन वर्षं घालवलेली माणसं दर महिन्याला भेटतात. चर्चा जरूर करा, पण कॅलेंडरवर खूण करून.

मग समोरच्याचं उत्तर येतं, बहुतेकदा उलटा दावाही येतो. आर्बिट्रेटर नेमले जातात. पद स्वीकारण्याआधी त्यांना लेखी सांगावं लागतं की दोन्ही पक्षांशी आपला काही संबंध आहे का. कायद्याच्या पाचव्या आणि सातव्या परिशिष्टात अशा संबंधांची यादी आहे. सातव्यात बसणारा माणूस, उदाहरणार्थ समोरच्या कंपनीचा नोकर किंवा सल्लागार, आर्बिट्रेटर होऊच शकत नाही. वाद उभा राहिल्यावर तुम्ही स्वतः लेखी संमती दिलीत तरच तो अपवाद. म्हणून वाद झाल्यानंतर आलेल्या कुठल्याही "ना हरकत" पत्रावर घाईने सही करू नका.

कारखानदारांच्या ऑर्डरवरची १७वी अट इथेच कोसळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं, की ज्याला निकालात स्वारस्य आहे त्याने एकट्याने एकमेव आर्बिट्रेटर नेमायचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सरकारी कंत्राटांबाबतही हेच तत्त्व लावलं. सरकारी उपक्रम स्वतःची यादी ठेवू शकतात, पण त्या यादीतूनच निवड असं दुसऱ्यावर लादू शकत नाहीत. तरीही अशा अटी छापलेले कागद अजून बाजारात फिरतायत. त्या अटीला घाबरू नका, आणि तिच्यावर विसंबूही नका.

पुढची वाट मुदतींनी बांधलेली आहे. दोन्ही बाजूंची लेखी कैफियत सहा महिन्यांत पूर्ण व्हायची. त्यानंतर देशांतर्गत वादात बारा महिन्यांत निवाडा. दोघांच्या संमतीने आणखी सहा महिने. त्यापुढे कोर्टाची परवानगी, आणि उशीर आर्बिट्रेटरमुळे झाला असेल तर कोर्ट त्यांची फी महिन्याला पाच टक्क्यांपर्यंत कापू शकतं. रक्कम लहान आणि कागदपत्रं सरळ असतील तर दोघं मिळून जलद पद्धत मागू शकता. तिच्यात साक्षीपुरावा टाळून सहा महिन्यांत निवाडा होतो. माल परराज्यात हलवला जातोय, बँक गॅरंटी वटवली जातेय, अशी तातडी असेल तर अनेक संस्थांत आपत्कालीन आर्बिट्रेटरची सोय असते. त्याच्या आदेशाला भारतात वजन आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अॅमेझॉन आणि फ्यूचर यांच्या वादात मान्य केलं. अॅड-हॉक लवादात असा माणूस कुठून आणणार? तिथे कोर्टच गाठावं लागतं.

खर्चाबद्दल लोक अंदाजाने बोलतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा मांडतो. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुना फी दिली आहे. २० लाख ते १ कोटीच्या दाव्याला ९७,५०० रुपये, अधिक २० लाखांवरच्या रकमेच्या ३ टक्के. आमच्या कारखानदारांचा दावा ५० लाखांचा. म्हणजे ९७,५०० अधिक ३० लाखांचे ३ टक्के ९०,०००, एकूण १,८७,५००. आर्बिट्रेटर एकच असेल तर त्याला २५ टक्के जास्त, म्हणजे २,३४,३७५ रुपये. तिघं असतील तर ही फी प्रत्येकाची वेगळी धरतात, हे २०२२ मध्ये ओएनजीसी आणि अॅफकॉन्स प्रकरणात स्पष्ट झालं, म्हणजे ५,६२,५०० रुपये. संस्थेचा स्वतःचा तक्ता वेगळा असतो आणि वर तिचा प्रशासकीय आकार येतो. तो तक्ता आधीच पाहता येतो, हाच त्याचा मोठा गुण. दोन्ही बाजूंनी सहसा निम्मं निम्मं भरायचं असतं. समोरच्याने भरलं नाही तर तुम्हाला त्याचाही वाटा तूर्त भरावा लागू शकतो, एवढी तयारी ठेवा. शेवटी खर्च कुणी सोसायचा हे निवाड्यात ठरतं.

यावरून एक सल्ला. दावा एक-दोन कोटींच्या आत असण्याची शक्यता असेल, तर करारात एकच आर्बिट्रेटर लिहा. तिघं बसले म्हणजे न्याय जास्त मिळतो असं नाही, आणि तिघांच्या डायऱ्या जुळवताना तारखा महिन्या-महिन्याने पुढे जातात.

आता ती ओळ. कराराचा मसुदा करताना किंवा समोरच्याचा मसुदा आला असताना, साधारण असं कलम सुचवा: "या करारातून किंवा या कराराच्या संबंधात उद्भवणारा कोणताही वाद अमुक संस्थेच्या, लवाद सुरू होण्याच्या वेळी लागू असलेल्या नियमांनुसार लवादाने निकाली काढला जाईल. लवादाची सीट पुणे राहील. आर्बिट्रेटरची संख्या एक राहील. कामकाजाची भाषा मराठी राहील." संस्थेचं नाव तिच्या नमुना कलमातून अक्षरशः उतरवा. नावात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी 'अशी संस्थाच नाही' हा वाद वर्षभर चालवता येतो. सीट म्हणजे नुसती बैठकीची जागा नव्हे. सीट जिथली, तिथल्या कोर्टाची लवादावर देखरेख. सुनावणी व्हिडिओवर झाली, दिल्लीत झाली, तरी सीट पुणे असेल तर निवाड्याला आव्हान पुण्याच्या बाजूलाच द्यावं लागतं. संस्था दिल्लीची निवडली म्हणून सीट दिल्ली होत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं.

आणि हो, भाषा मराठी ठेवता येते. कलम २२ ने ते स्वातंत्र्य दोन्ही पक्षांना दिलंय. डिलिव्हरी चलन मराठीत, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं मराठीत, साक्ष देणारा सुपरवायझर मराठी, तर लवाद इंग्रजीत चालवून त्या माणसाची जीभ का बांधायची? पुढे उच्च न्यायालयात जावं लागलं तर भाषांतर करून घ्यावं लागेल. तो खर्च सोसण्यासारखा आहे.

सगळे वाद या वाटेने जात नाहीत. फौजदारी गुन्हा, वैवाहिक वाद, दिवाळखोरी इथे चालत नाहीत. मुंबईतल्या भाड्याच्या आणि लीव्ह अँड लायसन्सच्या जागेचा ताबा हा लघुवाद न्यायालयाचा विषय, करारात लवादाचं कलम असलं तरी. आणि तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल तर आणखी एक दार आहे, २००६ च्या कायद्याखालची सुविधा परिषद. तिथे थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मिळतं, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे दार उघडं असेल तर बहुतेक वेळा आधी तेच ठोठवावं. पण उद्यम नोंदणी ऑर्डर घेण्याआधीची हवी. नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात. आमच्या कारखानदारांची नोंदणी माल पोचल्यानंतर चार महिन्यांनी झाली होती.

निवाडा हाती आला की तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. समोरच्याला आव्हानासाठी तीन महिने, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही. आव्हानाचा अर्ज टाकला म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. शिवाय सगळं प्रकरण गोपनीय ठेवण्याचं बंधन कायद्याने पक्षांवर, आर्बिट्रेटरवर आणि संस्थेवर घातलंय. उद्या त्याच गिऱ्हाइकाकडून ऑर्डर घ्यायची असेल तर हीही गोष्ट लहान नाही.

ज्यांच्या करारात आधीच वाईट कलम आहे त्यांनी हताश होऊ नये. वाद उभा राहिल्यावरही दोघं मिळून लेखी ठरवू शकतात की हा वाद अमुक संस्थेकडे नेऊ. पत्रं किंवा ईमेल यांच्या देवाणघेवाणीतूनही असा करार होतो. आम्ही तेच केलं. १७व्या अटीखालची नेमणूक कायद्यात टिकणार नाही, तेव्हा दोघांचाही कोर्टातला वेळ वाचवू, असं सांगणारं दोन परिच्छेदांचं पत्र कंपनीच्या विधी विभागाला पाठवलं. त्यात संस्थेचं नाव, एक आर्बिट्रेटर आणि सीट पुणे असं सुचवलं. भाषेचा आग्रह धरला नाही. एकोणिसाव्या दिवशी ईमेलवर एका ओळीत होकार आला. कारखानदारांनी तो ईमेल छापून आणला, फाइलमध्ये परचेस ऑर्डरच्या लगेच मागे लावला आणि रजिस्ट्रारकडे पाठवायच्या विनंती अर्जावर सही केली. सही करण्याआधी त्यांनी अर्जाची सगळी पानं वाचली, पाठपोट.